टूर संपली, घरी आलो, आणि आता बेसला हातही लावावासा वाटत नाही

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा २४ वर्षांचा, बडोद्याचा, दांडिया बाजारातल्या मराठी घरातला मुलगा. पाच जणांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. गाणी स्वतःची, मराठी, गुजराती, हिंदी सगळं मिसळून. जुलै-ऑगस्टमध्ये बँड पहिल्यांदाच परदेशात वाजवून आला, इंग्लंड आणि जर्मनी, पब, छोटे क्लब, दोन लहान फेस्टिव्हल. परत येऊन तीन आठवडे झाले. रात्री झोप येत नाही आणि दिवसा जाग येत नाही, बेस अजून केसमध्येच आहे, बँडच्या ग्रुपवर कुणी काही लिहीत नाही. गायिकेला लगेच मुंबईला शिफ्ट व्हायचंय, ड्रमर फोन उचलत नाही. पैसे संपलेत, त्यातले बरेच बाबांनी एफडी मोडून दिलेले होते, आणि बाबा रोज जेवताना म्हणतात, ‘झालं ना फिरून, आता नोकरीचं बघ.’ कॉलेजपासून ज्या गरबा ऑर्केस्ट्रात तो नवरात्रात वाजवतो त्यांचाही फोन आलाय, हो की नाही सांग म्हणून. त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत: ‘ताई, तिकडे मी म्युझिशियन होतो. इथे परत येऊन पुन्हा कुणाचा तरी मुलगा आणि गरब्यातला बेसवाला झालो. मुंबईला निघून जाऊ, की हे सगळंच सोडून देऊ?’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की प्रश्न तू शेवटच्या दोन ओळींत विचारलायस पण उत्तराचा बराचसा माल आधीच्या चार पानांत तूच लिहून ठेवलायस, त्यामुळे मी तुझंच तुला वाचून दाखवणार आहे, मधेमधे थोडं माझं.

आधी झोपेचं, कारण ती नीट झाल्याशिवाय बाकी काहीही ठरवू नकोस. उन्हाळ्यात इंग्लंड आणि आपल्या वेळेत साडेचार तासांचा फरक असतो, जर्मनीशी साडेतीन. तिकडून इकडे म्हणजे पूर्वेला येताना शरीराला जुळवून घ्यायला जास्त त्रास होतो, पण ढोबळमानाने तासाला एक दिवस धरला तरी आठवड्याभरात हे आटपायला हवं होतं. तीन आठवड्यांनंतरही चालू आहे ते जेटलॅग नाही राहिलं, ते टूरचं टाइमटेबल तू घरात चालवतोयस. तिकडे रात्री नऊला स्टेजवर, बाराला सामान आवरणं, दोन-तीनला झोप, सकाळी पुढच्या गावाची गाडी. गाडी बंद झाली, जागरण मात्र राहिलं. उद्यापासून गजर लावून सातला उठ आणि तडक बाहेर पड, कमाटीबागेत जा, सुरसागरला चक्कर मार, कुठेही जा पण सकाळचं ऊन डोळ्यावर पडू दे, दुपारची झोप बंद. आठ-दहा दिवस चिकाटीने कर. आणि कानात शिट्टी वाजते असं तू एका ओळीत उरकलंयस, ते मी उरकू देणार नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि लहान पबमध्ये ड्रमरच्या शेजारी तू रोज तासभर उभा होतास. ईएनटीकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे, या आठवड्यातच. पुढच्या गिगपासून इअरप्लग, पाचही जणांना.

आता ते वाक्य, ‘तिकडे मी म्युझिशियन होतो’. मला हे वाक्य पटलेलं नाही, आणि का ते सांगते. तिकडे तुला रोज सकाळी माहीत होतं की रात्री काय करायचंय. कुणीतरी शेड्यूल लावलेलं, गाडी ठरलेली, साउंडचेक ठरलेला, आणि रात्री अनोळखी माणसं टाळ्या वाजवायची ज्यांना तुझा बारावीचा रिझल्ट माहीत नव्हता. असं काही आठवडे जगलं की माणसाला वाटतं हाच मी खरा. तो खराच होता, मी खोटा म्हणत नाही, पण तो तिकडे तयार झाला नाही. ती गाणी कुठे बसवली? तूच लिहिलंयस, मांजलपूरला ड्रमरच्या घरी वरच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून, शेजारचे काका दहाला बेल वाजवायचे म्हणून पावणेदहाला थांबून. टूरमध्ये जे वाजलं ते त्या खोलीत झालेलं काम. इथे आल्यावर तू म्युझिशियन राहिला नाहीस असं तुला वाटतंय कारण तीन आठवडे तू वाजवलेलं नाहीस, एवढं साधं आहे ते, आणि त्याचा दोष तू बडोद्याच्या माथी मारतोयस.

परदेशात वाजवून घरी येणं इतकं अंगावर येतं हे तुमच्याच वाट्याला आलंय असंही नाही. तुम्ही हॅम्बर्गला वाजवलंत म्हणून सांगते. १९६० च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलची पाच पोरं तिथे पहिल्यांदा वाजवायला गेली, बीटल्स, तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं, रोज रात्री कित्येक तास क्लबात वाजवायचे. नोव्हेंबरात जॉर्ज हॅरिसनला सतराच वर्षांचा आहे म्हणून परत पाठवलं, मग पॉल मॅकार्टनी आणि पीट बेस्टला हाकललं, जॉन लेनन नंतर आला, आणि स्टुअर्ट सटक्लिफ, जो तुझ्यासारखाच बेसवाला, तो तिकडेच थांबला. घरी आल्यावर काही दिवस ते एकमेकांना भेटलेसुद्धा नाहीत, जॉर्जला तर बाकीचे परत आलेत हेच माहीत नव्हतं. पॉलच्या वडिलांनी सांगितलं नोकरी बघ, आणि त्याने बघितली, एका कारखान्यात विजेच्या कॉइल गुंडाळायची. मग २७ डिसेंबरला लिव्हरपूलजवळच्या लिदरलंड टाउन हॉलमध्ये कार्यक्रम मिळाला, जाहिरातीत ‘थेट हॅम्बर्गहून’ असं छापलेलं, लोकांना वाटलं हे जर्मन आहेत. त्या रात्री गावच्या लोकांनी ऐकलं की ही पोरं तिकडे काय शिकून आलीत, आणि तिथून त्यांचं नशीब फिरलं. तुम्ही बीटल्स व्हाल असं मला म्हणायचं नाहीये. मधले जे शांततेचे, एकमेकांना टाळायचे, नोकरी बघायचे दिवस होते ते बँड मोडल्याचे दिवस नव्हते, एवढंच तुझ्या डोक्यात राहू दे.

आणि तुमची घरची रात्र अजून झालेलीच नाही! हॅम्बर्गच्या लोकांनी ऐकलं, इंग्लंडातल्या लेस्टरच्या लोकांनी ऐकलं, आणि ज्या शहराने तुम्हाला वाजवायला शिकवलं त्याला तुम्ही इन्स्टाग्रामवरचे फोटो दाखवलेत. घरात कुणी काही विचारत नाही अशी तुझी तक्रार आहे, पण त्यांनी काय विचारायचं? तुझ्या आईने ‘थंडी होती का’ विचारलं तर तुला वाईट वाटलं. अरे, तिला दुसरं काय माहीत आहे तिकडचं. तिला बसवून सांग की व्हॅनमध्ये कोण घोरायचं, हॅनोवरला अ‍ॅम्प बंद पडल्यावर काय केलंत, कुठल्या गाण्याला लोक गप्प झाले. तू चार पानं मला लिहिलीस, त्यातलं अर्धं तरी त्यांना सांगितलंयस का? मला तरी पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

बाबांबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण अशी पत्रं मला बऱ्याच पोरांची येतात, बँडवाल्यांचीच असं नाही, नाटकवाल्यांची, क्रिकेटवाल्यांची पण. एफडी मोडून मुलाला बँड घेऊन परदेशात पाठवणारा माणूस त्या बँडच्या विरोधात असतो असं मला नाही वाटत. तो ‘आता नोकरीचं बघ’ म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक एवढंच कळायचं असतं की पुढे काय आहे आणि मी दिलेल्या पैशाचं काय झालं. त्याला तू आजपर्यंत हिशोब दिलेला नाहीस. तो दे. एका कागदावर, तिकिटं किती, व्हिसा किती, व्हॅन, राहणं, खाणं, मानधन किती आलं, टीशर्ट-सीडी विकून किती आलं, तोटा किती झाला. तोटा झालाच असेल, पहिल्या टूरला बहुतेकांना होतो, तो लपवू नकोस. आणि खाली एक ओळ, तुमचं एवढं देणं आहे, दर महिन्याला एवढे परत करीन. रक्कम छोटी असू दे, दोन हजार असू दे, पण ती देण्याची तारीख पाळ. हे करून बघ आणि मग मला सांग जेवताना काय बोलणं होतं ते. नोकरीचं म्हणशील तर पार्ट टाइम काहीतरी धर, शिकवण्या घे, स्टुडिओत बस, त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस, देणं फिटेपर्यंत घरात मान ताठ राहते.

बँडचं. गायिकेने मुंबई काढली म्हणून तू घाबरलायस, ड्रमर फोन उचलत नाही म्हणून चिडलायस, आणि पाचांपैकी कुणीही कुणाला काही विचारलेलं नाही. काही आठवडे चोवीस तास एकाच गाडीत काढल्यावर माणसांना एकमेकांचा वीट येतोच, त्याची लाज वाटायचं कारण नाही, थोडे दिवस लांब राहिलात ते बरंच केलंत. आता मात्र भेटा. दोनदा भेटा, वेगवेगळ्या दिवशी. एकदा फक्त हिशोबाला, आणि त्या दिवशी भावनांचं काही काढायचं नाही. एकदा फक्त बोलायला, त्या दिवशी पैशाचं काढायचं नाही, प्रत्येकाने सांगायचं काय आवडलं, काय सहन नाही झालं, परत जायचं तर काय बदललं पाहिजे. ड्रमरच्या घरी जा, फोन करत बसू नकोस. तूच लिहिलंयस की शेवटच्या आठवड्यात त्याच्या आजीची तब्येत बिघडलेली होती आणि तो टूर सोडून आला नाही. मग तो का बोलत नाहीये याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही, आणि तुम्हा चौघांपैकी एकजण तरी आजीला बघायला गेला का?

हिशोबाच्या बैठकीत काही गोष्टी विसरू नका, ज्या ज्या पोरांचे बँड बाहेर वाजवून आलेत त्या सगळ्यांसाठी सांगतेय. उरलेले पौंड, युरो कुणाच्या तरी पाकिटात पडून असतील, परत आल्यापासून १८० दिवसांत ते बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्यायचे असतात, २००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा ठेवता येतात, तुमच्याकडे तेवढ्या नसणार पण नियम माहीत असू दे. मानधनातून तिकडे टॅक्स कापला असेल तर त्याचं सर्टिफिकेट आत्ताच मागून घ्या, सहा महिन्यांनी त्या क्लबात तुम्हाला कुणी ओळखणार नाही, आणि सर्टिफिकेट असेल तर इथे रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मागता येतं, सीएला दाखवा. वाद्यांसाठी कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं बाहेर नेऊन परत आणायचा कस्टम्सचा कागद, काढलं होतं तर परतीचे शिक्के नीट झालेत ना बघून ते देणाऱ्या फिक्की या संस्थेकडे परत करा, नाहीतर तुमची बँक गॅरंटी अडकून राहील. आणि सगळ्यात जास्त पोरं विसरतात ते हे: गाणी तुमची स्वतःची आहेत. आयपीआरएस, म्हणजे गाणी करणाऱ्यांच्या हक्काचे पैसे गोळा करणारी आपल्याकडची संस्था, तिचे मेंबर असाल, आणि नसाल तर व्हा, तर परदेशात स्टेजवर वाजवलेल्या तुमच्या गाण्यांचे पैसे इंग्लंडात पीआरएस आणि जर्मनीत गेमा या तशाच संस्था गोळा करतात आणि ते आयपीआरएसमार्फत तुमच्यापर्यंत येऊ शकतात, पण त्यासाठी गाणी रजिस्टर हवीत आणि कुठल्या तारखेला कुठल्या व्हेन्यूला काय वाजवलं याची सेटलिस्ट हवी. ती आत्ता आठवतेय तोवर बसून लिहून काढा. रक्कम फार नसेल, पण ती तुमची आहे. ज्यांनी ज्यांनी तिकडे बोलावलं, झोपायला जागा दिली, अ‍ॅम्प दिला, त्यांना नाव घेऊन चार ओळींची मेल पाठवा, एकसारखी सगळ्यांना नको. पुढची टूर याच माणसांकडून येते.

मुंबई. जा किंवा जाऊ नको असं मी सांगणार नाही, पण मुंबईत नेमकं काम काय, हे तू किंवा गायिकेने कुठेच लिहिलेलं नाही. आपल्याच गावातली गोष्ट आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मध्ये संगीतकार मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली. त्यांचे नातू इनायत खान इथेच जन्मले, आणि १९१० च्या सप्टेंबरात भाऊ आणि नात्यातला आणखी एक गायक, असे तरुण पोरगेच, बोटीने अमेरिकेला निघाले, तिकडे रुथ सेंट डेनिस या नर्तकीच्या कार्यक्रमात वाजवलं. इनायत खान तिकडेच राहिले कारण तिकडे त्यांना काम सापडलं, सूफी विचार शिकवायचं, आणि ते भारतात परत आले ते थेट १९२६ मध्ये. बडोदा लहान वाटलं म्हणून ते थांबले नव्हते. तुझ्याकडे मुंबईतलं काम असेल, कुणी रेकॉर्डिंगच्या सेशनला बोलावलं असेल, कुणाकडे शिकायचं असेल, तर जरूर जा. इथली शांतता सहन होत नाही म्हणून जाणार असशील तर तिथल्या भाड्याच्या खोलीत ती जास्त जाणवेल. आणि मुंबई काही लंडन नाही, सुमारे चारशे किलोमीटर, सकाळच्या गाडीला बसलास तर दुपारी तिथे. महिन्यातून दोनदा जा, लोकांना भेट, गिग बघ, रात्रीच्या गाडीने ये. गायिकेलाही हेच विचार, की शिफ्ट झाल्याशिवाय होणार नाही असं नेमकं काय आहे. तिच्याकडे उत्तर असेल तर तिला अडवू नका, रिहर्सलचे दिवस ठरवून घ्या.

आता गरबा, आणि इथे मी तुझ्याशी थोडं भांडणार आहे. तू लिहिलंस ‘परत गरब्यातला बेसवाला’, जणू ही शिक्षा आहे. आणि दोन पानं आधी तूच लिहिलंयस की सगळ्या टूरमधली सगळ्यात भारी रात्र लेस्टरची, सेट संपल्यावर पुढच्या टेबलावरच्या एक मावशी म्हणाल्या बडोद्याचे ना तुम्ही, मग एक गरबो तर पाहिजेच, आणि तुम्ही न ठरवता हींच, म्हणजे गरब्याचा ताल, धरला, बेसवर तू, आणि सगळा पब, गोरे काळे सगळे, टेबलं सरकवून गोल फिरायला लागले. युगांडातून १९७२ मध्ये एका सुटकेसनिशी हाकललेले कितीतरी गुजराती त्या गावात येऊन राहिले, त्यांच्या घरातली माणसं होती ती कदाचित. तो हींच न चुकता, न घाई करता, वीस मिनिटं धरून ठेवायची ताकद तुझ्या बोटांत कुठून आली? नवरात्रात मैदानावर हजारो माणसं फिरत असताना तासन्‌तास नॉनस्टॉप वाजवून, ढोलवाल्याच्या मनगटाकडे बघत, गायक कधी वळणार याचा अंदाज घेत. तुझ्या वयाच्या किती बेसवाल्यांना असा सराव मिळतो? २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने गरब्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, पण त्या यादीची सुद्धा गरज नाही, तुझ्या पत्रातला लेस्टरचा परिच्छेद पुरे आहे.

याचा अर्थ हो म्हणच असा नाही. खरंच दमला असशील, कान दुखत असतील, डॉक्टर नको म्हणाले तर यंदा सोड, स्वच्छ सांग की पुढच्या वर्षी बोलवा. ऑर्केस्ट्रा पैसे वेळेवर देत नसेल तर ते वेगळं कारण, तेही चालेल. पण ‘मी आता याच्यावर गेलोय’ हे कारण असेल तर थांब, कारण ते तुझ्याच पत्राशी जुळत नाही. नऊ रात्रींचे पैसे बाबांच्या कागदावरच्या पहिल्या काही हप्त्यांना पुरतील हा हिशोबही करून बघ. आणि हो म्हटलंस तर इअरप्लग घालून.

घरची रात्र मात्र नवरात्राच्या आधी करा. मोठा हॉल घेऊ नका, भाड्यात मराल. कुणाची गच्ची, फाइन आर्ट्स कॉलेजच्या ओळखीतलं एखादं अंगण, नाहीतर तीच मांजलपूरची खोली दारं उघडून. आईबाबा, शेजारचे ते बेल वाजवणारे काका, कॉलेजचे लोक, ऑर्केस्ट्राचे ढोलवाले. टूरची सेटलिस्ट जशीच्या तशी वाजवा, मधे गोष्टी सांगा, शेवटी लेस्टरवाला गरबो. तिकीट ठेवा, पन्नास रुपये का होईना, आणि सेव उसळीचा बेत ठेवा म्हणजे लोक थांबतील. रेकॉर्ड करा, तिकडच्या प्रमोटरना मेलमध्ये पाठवायला हेच कामाला येईल.

एक गोष्ट गंभीरपणे. झोप सुधारल्यावरही दोनेक आठवडे मन असंच बधिर राहिलं, जेवण जाईना, कशातच रस वाटेना, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखे विचार यायला लागले, तर हे टूरनंतरचं रितेपण आहे म्हणून अंगावर काढू नकोस, डॉक्टरकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, कुठल्याही वेळी लागतो, रात्री दोनला सुद्धा. ड्रमरलाही हा नंबर देऊन ठेव.

बाकी, सगळं सोडायचं की नाही हा प्रश्न दिवाळीपर्यंत बाजूला ठेव. तोवर बेस रोज अर्धा तास, टूरची गाणी नको, काहीही नवीन, नाहीतर नुसते स्केल. दिवाळीनंतरही सोडावंसं वाटलं तर मला परत लिही, तेव्हा आपण त्यावर नीट बोलू, मी तुला धरून ठेवणार नाही.

आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना दोन दिवसांत हो किंवा नाही कळव, त्यांची प्रॅक्टिस सुरू व्हायची आहे आणि तू नसशील तर त्यांना दुसरा बेसवाला शोधायला वेळ लागेल.